मी बुजवलेली ढोली

मपलं नाव कडूबाई. हे नाव कसं पडलं ते तुमच्यावाणी सगळेच इचारतात ताई, म्हणून आधीच सांगून टाकते. मायला माझ्याआधी तिघी पोरीच, चौथी मी, मंग लोक म्हणले हिचं नाव कडू ठिवा म्हंजी हिच्यामागं पोरगी यायची नाय. तरी बी एक आलीच. तव्हा माय म्हणली, आता नावं ठिवून काय फरक पडत नाय, हिला सुशीला म्हना. तर मी कडू आन् माझ्यामागची सुशीला, आन् खरं सांगू का, तोंडाची कडू तीच हाये.

गाव आमचं लासूर स्टेशनच्या पल्याड, चार कोसावर. बाप दुसऱ्याच्या वावरात सालगडी. ज्वारी हुरड्यात आली का आम्हा बहिणींना माळ्यावर बसवायचे, दिवस उगवायच्या आधी, हातात गोफण आन् फडक्यात खडे. थंडीत त्या भोरड्या यायच्या, गुलाबी पोटाच्या, हजार हजार, एका ठिकाणी बसल्या का कणसं नुसती चिपाडं करून सोडायच्या. माझा नेम चांगला व्हता. पाखरू म्हंजी चोर, एवढंच मला माहीत. त्याचा रंग कोणता, ते येतं कुठून, जातं कुठं, हे कव्हा मनात बी आलं नाय बगा. पोटाचा घास पळवणाऱ्याचं रूप कोण बगतं.

लगीन झालं आन् बजाजनगरला आले. मालक रंगनाथ, गवंडी. तव्हा तिकडं घरावर घर उठत व्हतं, वाळूजच्या कंपन्यांचे कामगार राह्यला येत व्हते, गवंड्याला दम खायला येळ नाय. मी त्याच्या हाताखाली बिगारी. माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घ्यायचं, परांची चढायची. सात-आठ वर्सं कालवून कालवून मला गिलाव्याचं सगळं कळाय लागलं. त्याची जेवायची सुट्टी असली का मी त्याची करणी, गिलावा घोटायचं ते लोखंडी पातं, उचलून भिंतीला हात मारायची. आल्यावर तो बगायचा, काय बोलायचा नाय, पण त्याच्यावर पुन्हा हात बी फिरवायचा नाय. म्हंजी चांगलं झालं असं मी समजायचे. बाईला कुणी मिस्त्री म्हणत नाय ताई, पण माझ्या गिलाव्याला कव्हा तडा गेला नाय, हे मी कुणाम्होरं बी सांगीन.

मंग त्याच्या कमरेचा मणका गेला. वाकणं बंद. तो घरी बसला आन् मला ठेकेदारानं कंपनीत बागकामाला लावलं. कंपनीचं नाव घेत नाय, उगं कशाला. पुढं लॉन, फुलं, साहेब लोकांच्या गाड्या, आन् मागल्या अंगाला दोन एकराचा झाडांचा पट्टा. तिथं कोण येत नाय. कंपनीच्या आधी तिथं वावर व्हतं, त्या वावराच्या बांधावरचा एक निंब अजून उभा हाये, दोघींच्या कवेत मावत नाय एवढा. त्याला दोन माणसं उंचीवर ढोली. तोच हा निंब, ज्याच्या सावलीला आपुन बसलोय. हळू बोला जरा, का ते कळंल तुम्हाला.

चार वर्सं झाली त्याला. चैत सरत आला व्हता, आन् कंपनीत पाहुणे येणार म्हणून धावपळ. परदेशातले. सुपरवायझर म्हणला, समद्या झाडांच्या बुडाला गेरू-चुना मारा, आन् ढोल्या बुजवून घ्या, त्याच्यात साप बसतो. आम्ही दोघं, मी आन् संतोष नावाचा दुसरा माळी. संतोष म्हंजी अर्धं काम करायचं आन् बिडी वढायला जायचं. मी गेरू मारत मारत ह्या निंबापाशी आले, शिडी लावून वर गेले, तर ढोलीच्या तोंडाला आधीच कुणीतरी माती लावलेली. आन् काय लावलेली, काय सांगू तुम्हाला, गोळे गोळे चिकटवलेले, ना सफाई ना काय, आन् मधी उभी फट तशीच सोडून दिलेली, बोटभर रुंद, टीचभर लांब. मी म्हणलं, हे संतोषचं काम. अर्धं करून गेलाय बेणं. मला ते बगवंना. तुम्ही कव्हा गिलावा केला नसंल, तुम्हाला नाय कळायचं, पण ज्याच्या हाताला करणीची सवय लागली त्याला फट दिसली का हात वळवळतो. मी खाली आले, मुरमाची माती चाळली, त्याच्यात दोन मुठी सिमेंट टाकलं, कालवलं, आन् वर जाऊन फट भरून टाकली.

भरताना आतून खरखर आली. बारीक, जशी कुणी नखं घासावी. मी थांबले. आन् मनात काय आलं, तर सुपरवायझर म्हणला तेच खरं, आत साप हाये. बरं झालं, म्हणलं, आयताच गावला. आन् अजून एक थर चढवला. वरून ओल्या हातानं घोटून असा गुळगुळीत केला का बगत राहावं. तेवढ्यावर भागलं नाय. सांच्याला घरी जायच्या आधी पुन्हा शिडी लावली आन् त्याला पाणी मारलं. गिलावा भेगाळू नये म्हणून पाणी मारतात, त्याला आमच्यात तराई म्हणतात. तराई करून गेले मी, ताई. घरी जाऊन मालकाला सांगितलं बी, आज लई दिसांनी करणी धरली. तो हसला.

दुसऱ्या दिशी पाहुणे अकराला येणार, म्हणून मी आठलाच झाडलोट काढली. निंबाखाली पिंपळाची फळं पडलेली, बारीक, जांभळी. झाडली. दहा मिनिटांनी पुन्हा तेवढीच. मी म्हणलं निंबाखाली पिंपळ कुठून झडायला लागला, आन् वर बगितलं. तर ढोलीच्या तोंडाला, माझ्या गिलाव्यावर, एक राखाडी पाखरू लटकलेलं. घारीएवढं नाय पण कावळ्याहून मोठं, लांब शेपटी, आन् चोच अशी वाकडी, वरती शिंगावाणी उंचवटा. त्यानं गळ्यातून एक फळ काढलं, चोचीच्या टोकात धरलं, आन् गिलाव्यावर ठेवायला गेलं. फळ खाली पडलं. दुसरं काढलं. ते बी पडलं. मंग चोच आपटली, टक टक. थांबलं. मान वाकडी करून कान दिल्यावाणी केलं. पुन्हा टक टक. उडून गेलं, आन् पुन्हा गळा भरून आलं, आन् पुन्हा तेच. मी झाडू धरून उभी. मला वाटलं पाखरू येडं झालंय.

आमच्याकडं पंपावर हमीदचाचा व्हते. आता घरी असतात, वय झालं. आधी सगळी हयात त्यांनी एका जुन्या आमराईत माळीकाम केलेलं. मी त्यांना हाका मारून आणलं, म्हणलं चाचा, ह्याला काय झालं बगा. चाचानं बगितलं, आन् माझ्याकडं बगितलं. म्हणले, अगे बाई, कल इस झाड को क्या करी तू? मी म्हणलं, ढोली बुजवली. चाचा हळू म्हणले, उसमें इसकी घरवाली है ना.

मला कळ्ळंच नाय आधी. मंग त्यांनी सांगितलं. ह्याला धनेश म्हणतात. ह्याची मादी अंडी घालायच्या येळला ढोलीत जाते आन् तोंड आतून स्वताच्या हातानं, म्हंजी चोचीनं, लिंपून घेते. नर मातीचे गोळे आणून देतो, ती आतून लावते. एकच फट ठिवते, खायला घ्यायपुरती. साप नको, घार नको, कुणी नको. आत बसली का पंखाची पिसं झाडून टाकते, नवी येऊस्तोर तिला उडता येत नाय. दोन-अडीच महिने तो बाहेर राबतो आन् त्या फटीतून तिला एक एक घास भरवतो. चाचा म्हणले, वो फट नै थी बाई, वो उसका दरवाजा था.

मला मपलं पहिलं बाळंतपण आठवलं. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीच्या फटी चिंध्या कोंबून बुजवायचे, वारं लागू नये म्हणून, आन् माय दाराच्या फळीतून ताट आत सरकवायची. त्या अंधारात ताटाचा आवाज आला का जीवात जीव यायचा. आन् हितं मी हिचं दारच लिंपून टाकलेलं. चांगला माल कालवून. वर तराई करून. आतली खरखर ऐकून बी.

सुपरवायझरकडं शिडी मागायला गेले. तो म्हणला, आत्ता नाय, पाहुणे गेल्यावर सांच्याला काय करायचं ते कर. मी म्हणलं सांच्यापत्तोर ती जगंल का? तो म्हणला, बाई, पाखरू हाये ते, गेरू मारलेलं झाड खराब करशील, माझी नोकरी जाईल. मला राग लवकर येतो ताई, लपवत नाय. मी म्हणलं साहेब, रात्रभर तिला मी कोंडली, तुम्ही नाय, तव्हा तुम्ही नका येऊ मधी. आन् शिडी उचलली. चाचानं खालून धरली. म्हणले, पूरा मत खोल, गिर जाएगी, उड नै सकती वो. जितना था उतनाच.

जेवढं व्हतं तेवढंच. आता मला सांगा, किती व्हतं? पण हाताला ध्यानात असतं. जी फट मी बुजवली तिची रुंदी माझ्या बोटाला माहीत व्हती. छन्नी नुसत्या हातानं सरकंना, हातोडा मारावा तर आत दणका बसंल, पिल्लू असंल, अंडं असंल. मंग मोठा खिळा घेतला आन् हातानं कोरत बसले. जिंदगीत पहिल्यांदा मला वाटलं, आपला गिलावा कच्चा असता तर किती बरं झालं असतं. तो चांगला व्हता, तेच नडलं. नखं फाटली. तेवढ्यात पाहुणे आले. मी शिडीवर, पदर खोचलेला, तोंडावर धूळ. सुपरवायझर खाली इंग्रजीत कायबाय सांगत व्हता. मी मागं वळून बगितलं नाय, कोरत राह्यले.

खिळा आरपार गेला. मी थांबले, कान लावला. काय नाय. आत गार अंधार, आन् एक कोंदट वास. फट वरून खालपर्यंत मोकळी केली, बोट घालून मापली, तेवढीच. तरी आतून हालचाल नाय. मी म्हणलं, गेली. मी मारली तिला. खाली आले तव्हा चाचानं हाताला धरून पंपाच्या शेडात नेलं. म्हणले, अपन हैं तब तक वो आएगा नै.

तिथून बगत बसलो. पाहुणे गेले, जेवणाची सुट्टी झाली, उन्हं डोक्यावर आली. आन् मंग तो आला. दोनदा झाडावरून फिरून गेला, तिसऱ्यांदा बसला. ढोलीपाशी लटकला, गळ्यातून फळ काढलं, चोचीत धरून उभा. देईना. जणू ह्या येळला बी खालीच पडंल असं त्याला वाटत व्हतं. टक टक केलं. आन् ताई, त्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. नुसतं टोक, तुमच्या करंगळीएवढं. त्यानं फळ त्याच्यात ठेवलं. टोक आत गेलं आन् पुन्हा बाहेर आलं. त्यानं दुसरं दिलं. तिसरं दिलं. मी मोजणं सोडून दिलं आन् रडाय लागले. आपलं माणूस मरणातून उठल्यावर जसं रडतं तसं. चाचा तिकडं तोंड करून बसले.

त्या दिवसापासून मला बागेतून काढलं आन् कॅन्टीनमधी भांड्याला लावलं. लावू दे. जेवायच्या सुट्टीत मी भाकर घेऊन हितंच यायचे. पाय वाजवायचा नाय, ह्या दगडावर बसायचं. तो दिसभरात किती खेपा करायचा. पिंपळाची फळं, वडाची फळं, कव्हा सरडा, कव्हा नाकतोडा. मी गोफणीनं जी पाखरं मारली ती बी आसंच कुणासाठी तरी घास नेत असतील, हे मला वयाच्या पन्नाशीला कळ्ळं.

कोरताना पडलेला तिच्या मातीचा एक तुकडा मी पदरात बांधून घरी नेला व्हता. मालकाला दिला. त्यानं तो नखानं टोकरला, दोन बोटांत दाबला, फरशीवर वाजवला. फुटंना. म्हणला, ह्याच्यात काय मिसळलंय? मी म्हणलं, तिचाच गू. तो हसला आन् मंग लई येळ तो तुकडा हातात घेऊन बसला. म्हणला, तीस वर्सं भिंती उभारल्या मी, पण दार आतून लिंपून घेणारा गवंडी ऐकला नव्हता. त्याच्यानंतर रोज मी घरात पाय टाकला का पहिलं इचारायचा, आली का गं बाहेर?

जेठात निंबोळ्या पिकल्या. एक दिस भांडी घासताना चाचाचा मिस कॉल आला, आन् मी साबणाच्या हातानंच पळत सुटले. ती आतून भिंत फोडत व्हती. तिची माती आन् माझं सिमेंट, दोन्ही. टवका पडायचा, ती थांबायची, पुन्हा चोच. दुपार झाली तव्हा ती बाहेर निघाली आन् फांदीवर बसली, पिसं इस्कटलेली, मळकी, उन्हाकडं बगून डोळे मिटत व्हती. तो जवळ येऊन बसला. दुसऱ्या दिशी एक पिल्लू निघालं, तिसऱ्या दिशी अजून एक. आठ दिसांनी ती सगळी तिकडं वडाकडं गेली, तव्हा मी शिडी लावून ढोलीत हात घातला. आत एक तिसरं व्हतं. बारीक, वाळलेलं.

चाचा म्हणले, छोटा वाला रह जाता है, सबके में होता है. असंल. पण चाचाला बी नक्की माहीत नाय, मला बी नाय, आन् जिला माहीत हाये ती सांगायची नाय. मी ते हितंच निंबाच्या बुडाशी पुरलं. माझ्यामुळं गेलं का त्याच्या नशिबानं गेलं, हे मला मरूस्तोर कळणार नाय, आन् ते कळू नये हीच माझी शिक्षा असंल.

पण डोळे उघडले बगा तव्हापासून. पुढल्या वर्षी सुपरवायझर बदलला, मला पुन्हा बागेत घेतलं. आता मला दिसतं. फागुनात पळस आधी नागडा होतो आन् मंगच पेटतो. वैशाखात सगळं जळालेलं असताना बहावा पिवळा लोंबतो, त्याला पाणी कोण देतं देव जाणे. मृग लागला का ह्या मुरमातून लाल मखमली किडे निघतात, दोन दिस फिरतात आन् जमिनीत जातात, वर्सभर खाली काय करतात कुणाला ठावं. श्रावणात तारेच्या कुंपणावर कळलावी चढते, तिला हात लावायचा नाय, फक्त बगायचं. दिवाळीला धोबी पाखरं लॉनवर येतात शेपटी हलवत, कुठल्या थंडीतून येतात म्हणे, आन् दरसाली ह्याच लॉनवर कशी येतात. मला आधी वाटायचं हे सगळं आपोआप होतं. आता वाटतं, आपोआप काय बी होत नाय, कुणीतरी कुठंतरी दार लावून आत बसलेलं असतं आन् कुणीतरी बाहेर राबत असतं, आपल्याला फक्त माती दिसते.

तीन वर्सं ती हितं आली नाय. मी म्हणलं, बरोबर हाये, तिच्या जागी मी असते तर मी बी आले नसते. अवंदा शिमग्यानंतर दोघं आले. तो ढोलीत डोकं घालून बगायचा, मंग ती बगायची, मंग दोघं उडून जायचे. आठ दिस चाललं हे. माझा जीव वर-खाली. मालकानं सांगितलं, तू तिकडं जाऊच नको, तुला ओळखत असतील. मी गेले नाय. फक्त लॉनच्या कडंच्या वाफ्याचा पाईप रोज थोडा उघडा ठिवायचे, माती ओली राहावी, ह्या दिसांत चिखल कुठं गावणार त्याला. चौथ्या दिशी बगितलं तर ओल्या मातीत चोचीच्या खुणा. माती माझ्याच वाफ्यातली नेत व्हता.

आज तिला आत बसून महिना झाला. तुम्ही आल्यापासून तो दोनदा येऊन परत गेला, तुमची पांढरी पिशवी दिसतीय त्याला, ती मागं ठिवा. आता हलू नका. आला बगा, त्या सुकलेल्या फांदीवर. फटीकडं बगा, त्याच्याकडं नको. दिसलं का टोक?

घे बाई, पोटभर खा. सुखरूप मोकळी हो.